कॉपी केलेलं गेलं कुठे? विममधली रजिस्टरं, पायरीपायरीने

विम (माउसशिवाय, नुसत्या कळांनी चालवायचा टेक्स्ट एडिटर) नव्याने वापरायला घेतलेल्या माणसाचा पहिल्या आठवड्यातला वैताग ठरलेला असतो. एक ओळ कॉपी केली. ती जिथे टाकायची तिथे गेलो, तिथली जुनी ओळ उडवली आणि पेस्ट केलं. आलं काय? आत्ता उडवलेली ओळच! परत वर जा, परत कॉपी करा. दोन-तीनदा असं झालं की माणूस माउसकडे हात नेतो, आणि माउस धरायचाच असेल तर विम कशाला?

ही विमची चूक नाही. विमकडे कॉपी ठेवायला एक जागा नसून चाळीसहून जास्त जागा आहेत. त्यांना रजिस्टर म्हणतात. तुमची कॉपी त्यातल्या एका खणात सुखरूप असते, फक्त पेस्ट करताना तुम्ही दुसराच खण उघडलेला असतो. कुठला खण कधी भरतो एवढं कळलं की हा वैताग कायमचा संपतो.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. कळांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. ‘वाय वाय’ म्हणजे इंग्रजी वायची कळ दोनदा. ‘मोठा पी’ म्हणजे शिफ्ट धरून पी. दुहेरी अवतरणचिन्ह दिसलं की ती कळ खरोखर दाबायची आहे, कारण विममध्ये रजिस्टरचं नाव सांगण्याची तीच खूण आहे. आकडे देवनागरीत छापले असले तरी टाइप रोमनच करायचे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी लिहिणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा: नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा अक्षरं न उमटवता कमांड म्हणून चालतात) आलात की कीबोर्ड इंग्रजीवर हवा. नाहीतर ‘वाय वाय’ दाबल्यावर विमला ‘बब’ ऐकू जातं आणि काहीच घडत नाही.

पायरी १: डिलीट म्हणजे कट

सरावासाठी एक छोटी फाइल करा. मी आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीसारखी घेतो:

फ्लॅट १०१, भरले
फ्लॅट १०२, बाकी
फ्लॅट १०३, भरले
फ्लॅट १०४, बाकी

कर्सर पहिल्या ओळीवर ठेवून ‘वाय वाय’ करा, ओळ कॉपी झाली. ‘जे’ दाबून खाली या आणि ‘डी डी’ करा, १०२ ची ओळ गेली. आता ‘पी’. १०२ परत आली.

याचं कारण असं की विममध्ये ‘डी’ म्हणजे इतर एडिटरमधलं डिलीट नव्हे, ते कट आहे. ‘सी’, ‘एस’ आणि ‘एक्स’ सुद्धा कटच करतात, अगदी एक अक्षर उडवलं तरी. आणि नुसता ‘पी’ दाबला की विम बिननावाचं रजिस्टर उघडतं. तिथे सगळ्यात शेवटी जे कॉपी किंवा कट झालं ते असतं.

आता ‘यू’ दाबून ती पेस्ट मागे घ्या आणि ‘"०पी’ दाबा (शून्य, ओ नव्हे). १०१ ची ओळ आली. ती कुठेही गेली नव्हती.

पायरी २: शून्य नंबरचं रजिस्टर

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. ‘वाय’ने केलेली शेवटची कॉपी शून्य नंबरच्या रजिस्टरमध्ये जाते आणि पुढे कितीही डिलीट केलं तरी तिथून हलत नाही. पुढची कॉपी केलीत तरच ती बदलते. अपवाद एवढाच की कॉपी करताना तुम्ही स्वतःहून दुसऱ्या रजिस्टरचं नाव दिलंत तर शून्याला कोणी विचारत नाही.

रोजच्या कामात हे असं उतरतं. समजा १०२ आणि १०४ या दोघांनीही पैसे भरले. ‘भरले’ या शब्दावर जाऊन ‘वाय आय डब्ल्यू’ करा, शब्द कॉपी झाला. ‘/बाकी’ शोधून एंटर मारा. पहिल्या ‘बाकी’वर आलात की ‘सी आय डब्ल्यू’. जुना शब्द गेला, तुम्ही इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करण्याच्या मोडमध्ये, आहात. इथे कंट्रोल-आर दाबून शून्य दाबा, ‘भरले’ उमटेल. एस्केप. आता ‘एन’ने पुढच्या ‘बाकी’वर जा आणि नुसतं टिंब दाबा, ते आधीचा बदल जसाच्या तसा परत करतं. झालं. पुढे दोनशे ‘बाकी’ असले तरी ‘एन’, टिंब, ‘एन’, टिंब.

बरेच जण हेच काम व्हिज्युअल मोडने करतात: शब्द निवडायचा आणि वर ‘पी’ मारायचा. पहिल्यांदा बरोबर होतं, दुसऱ्यांदा फसतं. कारण ज्याच्यावर पेस्ट केलंत तो जुना शब्द बिननावाच्या रजिस्टरमध्ये जाऊन बसतो. उपाय दोन. ‘"०पी’ वापरा, किंवा विम ९.० आणि त्यापुढचं असेल तर व्हिज्युअल मोडमध्ये मोठा पी वापरा, तो रजिस्टरला हात लावत नाही.

एक कमांड आत्ताच बोटांत बसवा: ‘:रेग’ (रोमनमध्ये आर ई जी). सगळी रजिस्टरं आणि त्यातला मजकूर समोर येतो. फक्त ठरावीक पाहायची असतील तर ‘:रेग ए०+’ असं पुढे जोडा. नवीन विममध्ये डावीकडे एक अक्षर दिसतं: ‘एल’ म्हणजे पूर्ण ओळी, ‘सी’ म्हणजे ओळीतला तुकडा, ‘बी’ म्हणजे उभा चौकोनी ठोकळा. हे अक्षर शोभेचं नाही. ‘एल’ असेल तर ‘पी’ खालच्या नव्या ओळीत पेस्ट करतो, ‘सी’ असेल तर कर्सरच्या लगेच पुढे. “कधी खाली पेस्ट होतं, कधी मध्येच, असं का?” या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तुकडा असला तरी नव्या ओळीतच हवा असेल तर ‘:पुट ए’ वापरा, तो कायम ओळ म्हणूनच टाकतो.

पायरी ३: उडवलेलं परत आणणं

१ ते ९ नंबरची रजिस्टरं डिलीटची रांग आहे. एक ओळ किंवा जास्त उडवलं की ते १ मध्ये जातं, आधीचं १ मधलं २ मध्ये सरकतं आणि ९ मधलं बाहेर पडतं. एका ओळीपेक्षा कमी उडवलं, म्हणजे शब्द-अक्षर, तर ते या रांगेत न जाता उणे चिन्हाच्या रजिस्टरमध्ये जातं. ‘"-पी’ने ते परत मिळतं. यालाही अपवाद आहे: परिच्छेदाच्या महिरपी कंसाने, वाक्याच्या साध्या कंसाने किंवा शोधाने केलेलं डिलीट लहान असलं तरी १ मध्ये जातं. हा पाठ करायची गरज नाही. उणेमध्ये सापडलं नाही तर १ मध्ये बघा.

आता गंमत. अर्ध्या तासापूर्वी उडवलेली एक ओळ हवी आहे, पण ती रांगेत कितवी ते आठवत नाही. ‘यू’ दाबत मागे गेलात तर मधलं सगळं कामही उलटेल. त्याऐवजी ‘"१पी’ दाबा. ही नाही? ‘यू’, मग टिंब. टिंब नुसतं आधीचं करत नाही, नंबर आपोआप एकाने वाढवतं, म्हणजे आता २ मधलं आलं. हेही नाही? ‘यू’, टिंब. हवी ती ओळ दिसेपर्यंत ‘यू’, टिंब, ‘यू’, टिंब.

ही युक्ती विमहूनही जुनी आहे. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला, त्यातही नावाचे आणि नंबरचे खण होते. ब्रॅम मूलेनारने १९९१ मध्ये विम लोकांसमोर आणला तेव्हा ती परंपरा तशीच पुढे आली आणि वाढली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मूलेनार गेला. हे टिंब मात्र अजून तसंच चालतं.

पायरी ४: काहीच ठेवायचं नसेल तेव्हा

उडवलेलं कुठल्याच खणात नको असेल तर अधोरेखेचं रजिस्टर द्या: ‘"_डी डी’. ओळ गेली ती गेलीच, रांग आणि बिननावाचं रजिस्टर दोन्ही जसंच्या तसं.

हे कळल्यावर अनेकांना मोह होतो की ‘एक्स’ आणि ‘डी’ कायमचेच अधोरेखेला जोडून टाकावेत. मीही ‘एक्स’ जोडला होता. महिनाभराने लक्षात आलं की दोन अक्षरांची अदलाबदल करणारं ‘एक्स पी’ बंद पडलंय. टाइप करताना अक्षरं उलटसुलट पडण्याची माझी सवय जुनी, त्यामुळे जोडणी काढून टाकली. ‘डी’ जोडलात तर ओळी हलवण्याची सोयच संपते. शून्याचं रजिस्टर माहीत असताना यातलं काही लागत नाही, असं माझं मत आहे.

पायरी ५: नावाची रजिस्टरं, आणि मोठ्या अक्षराची जादू

ए ते झेड ही २६ रजिस्टरं पूर्णपणे तुमची. विम त्यात स्वतःहून काही टाकत नाही. ‘"ए वाय वाय’ने ओळ ए मध्ये गेली, ‘"ए पी’ने बाहेर आली. नावं रोमन अक्षरांचीच, ‘क’ नावाचं रजिस्टर होत नाही.

सव्वीसच्या सव्वीस वापरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोन-तीन ठरवून घ्या. माझ्याकडे ए मध्ये आत्ताचं काम आणि टी मध्ये परत परत लागणारा साचा असतो.

खरा फायदा मोठ्या अक्षरात आहे. ‘"ए वाय वाय’ खणातलं जुनं फेकून नवं ठेवतं. ‘"मोठा-ए वाय वाय’ जुन्याच्या शेवटी नवं जोडतं. लांबलचक फाइलमधून इथली चार, तिथली दोन अशा ओळी वेचायच्या असतील तर पहिली छोट्या ए ने घ्या, पुढच्या सगळ्या मोठ्या ए ने, आणि शेवटी एकदाच पेस्ट.

वेचणंही विमवर सोपवता येतं. यादीतले थकबाकीदार वेगळे काढायचे आहेत (सोसायटीच्या मीटिंगच्या आदल्या रात्री हे नेहमीच लागतं):

१. ‘क्यू ए क्यू’ दाबा. ए रजिस्टर रिकामं झालं. हे विसरलात तर जुन्या कचऱ्यालाच नवं जोडलं जाईल.
२. ‘:जी/बाकी/वाय मोठा-ए’ असं लिहून एंटर मारा. वाय आणि मोठा ए यांच्यात एक जागा सोडायची. ज्या ज्या ओळीत ‘बाकी’ आहे ती ती ए मध्ये जोडली जाते.
३. ‘:व्हीन्यू’ने बाजूला कोरी खिडकी उघडा आणि ‘"ए पी’ करा.

वर एखाद-दोन कोऱ्या ओळी येतील, त्या उडवा. रिकाम्या केलेल्या खणात जोडताना विम ती ‘रिकामी ओळ’ही मोजतं, म्हणून असं होतं.

पायरी ६: बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण

ब्राउझरमधून विममध्ये आणि विममधून ईमेलमध्ये न्यायचं असेल तर अधिक चिन्हाचं रजिस्टर हे सिस्टमचं क्लिपबोर्ड. ‘"+वाय वाय’ने बाहेर, ‘"+पी’ने आत. अख्खी फाइल हवी असेल तर ‘:%वाय +’. फुलीचं (*) रजिस्टर विंडोज आणि मॅकवर अधिकसारखंच वागतं. लिनक्सच्या एक्स-११ या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेवर ते वेगळं आहे: माउसने नुसतं निवडलेलं, मधल्या बटणाने पेस्ट होणारं.

‘"+पी’ केलं आणि काहीच झालं नाही? टर्मिनलमध्ये विमची आवृत्ती तपासायची कमांड चालवा (विम, जागा, दोन उणे, व्हर्जन) आणि त्यात क्लिपबोर्ड या शब्दाच्या आधी काय आहे ते पाहा. उणे असेल तर तुमच्या विममध्ये ही सोय घातलेलीच नाही. डेबियन-उबंटूवर साध्या विम पॅकेजऐवजी विम-जीटीके३ बसवलं की अधिक येतं. टर्मिनलमध्येच काम करत असलात तरी हेच पॅकेज बसवायचं. निओविमला (विममधूनच फुटून निघालेला एडिटर) वेगळं साधन लागतं: एक्स-११ वर एक्सक्लिप किंवा एक्ससेल, वेलँड या नव्या यंत्रणेवर डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड.

आणखी एका ठिकाणी लोक अडकतात. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर जाऊन तिथला विम उघडलात तर अधिकचं रजिस्टर त्या सर्व्हरचं असतं, तुमच्या लॅपटॉपचं नव्हे.

दर वेळी ‘"+’ दाबायचा कंटाळा असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस’ ही ओळ (अर्थात रोमनमध्ये) घालता येते. मग साधा ‘वाय’ आणि ‘पी’ थेट क्लिपबोर्डवर चालतात. सोयीचं आहे, पण मी वापरत नाही. ‘डी’ सुद्धा क्लिपबोर्डवर जायला लागतो, आणि ब्राउझरमधून आणलेली लिंक पेस्ट करण्याआधी एक ओळ उडवली की लिंक गेली. पहिल्या आठवड्यातला तो वैताग परत दारात.

पायरी ७: लिहिता लिहिता पेस्ट

इन्सर्ट मोडमधून बाहेर न पडता पेस्ट करायचं तर कंट्रोल-आर आणि रजिस्टरचं नाव, हे वर आलंच. हेच खालच्या कमांडच्या ओळीतही चालतं, आणि तिथे त्याची किंमत जास्त आहे. एखादा लांब शब्द बदलायचा असेल तर तो ‘वाय आय डब्ल्यू’ने कॉपी करा, ‘:%एस/’ इथपर्यंत लिहा आणि कंट्रोल-आर, शून्य. शब्द जसाच्या तसा उमटतो. मराठीत याचा दुप्पट उपयोग, कारण कमांड लिहिताना कीबोर्ड इंग्रजी-मराठी-इंग्रजी असा फिरवावा लागत नाही. कर्सरखालचाच शब्द हवा असेल तर कॉपीचीही गरज नाही, कमांडच्या ओळीत कंट्रोल-आर, कंट्रोल-डब्ल्यू.

बरोबर चिन्हाचं रजिस्टर हे रजिस्टर कमी, कॅल्क्युलेटर जास्त. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-आर आणि ‘=’ दाबा, खाली ‘१५००*१२’ लिहा, एंटर. मजकुरात १८००० येईल. इथे देवनागरी आकडे चालत नाहीत, उत्तरही रोमन आकड्यांतच मिळतं.

विम स्वतःच भरतं अशी काही झटकन: टिंबात शेवटचं टाइप केलेलं, टक्क्यात चालू फाइलचं नाव, अपूर्णविरामात शेवटची कमांड, तिरप्या रेघेत शेवटचा शोध.

पायरी ८: मॅक्रोही याच खणांत राहतात

हे कोणी आधी सांगत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘क्यू ए’ने रेकॉर्ड केलेला मॅक्रो (परत परत चालवता येणारी कळांची मालिका) ठेवायला वेगळी जागा नाही, तो ए रजिस्टरमध्येच साधा मजकूर म्हणून बसतो. मी एकदा वीस मिनिटं खपून एक मॅक्रो बसवला, तीन ओळींवर तपासला, आणि मग सवयीने एक ओळ ‘"ए वाय वाय’ केली. पुढच्या ‘@ए’ला (ए मधला मॅक्रो चालवायची कमांड) विमने ती ओळ कमांड समजून चालवायला घेतली. फाइलचं काय झालं असेल ते सांगत नाही. तेव्हापासून मॅक्रो क्यू मध्ये आणि मजकूर ए मध्ये, अशी वाटणी केली आहे. ‘क्यू क्यू’ बोटांनाही सोपं.

मात्र मॅक्रो मजकूर आहे याचाच फायदाही आहे. लांब मॅक्रोत एक कळ चुकली तर परत रेकॉर्ड करू नका. कोऱ्या ओळीवर ‘"क्यू पी’ करा, सगळ्या कळा अक्षरांच्या रूपात समोर येतील. चूक दुरुस्त करा, ओळीच्या सुरुवातीला जा आणि ‘"क्यू वाय $’ने परत खणात भरा. इथे ‘"क्यू वाय वाय’ करू नका. पूर्ण ओळ घेतली की शेवटचा एंटरही सोबत येतो, आणि मॅक्रो दर वेळी एक ओळ जास्त खाली सरकतो. ही चूक शोधायला मला एक संध्याकाळ लागली होती.

पायरी ९: विम बंद केल्यावर

रजिस्टरं विम बंद केल्यावरही टिकतात. घरच्या फोल्डरमधल्या टिंब-विमइन्फो नावाच्या फाइलमध्ये ती लिहिली जातात, निओविममध्ये या फाइलला शाडा म्हणतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादा दर रजिस्टरला ५० ओळींची आणि १० किलोबाइटची आहे. दोनशे ओळी ए मध्ये ठेवून घरी गेलात तर सकाळी त्या पूर्ण मिळायच्या नाहीत. मोठा मजकूर फाइलमध्येच ठेवा.

उलट बाजूही आहे. विममध्ये कधी पासवर्ड कॉपी किंवा कट केला असेल तर तो त्या फाइलमध्ये उघडा पडून असू शकतो. आत्ता ‘:रेग’ मारून पाहा. सापडला तर त्या रजिस्टरचं नाव घालून ‘:लेट @ए=""’ अशा कमांडने ते पुसा. शून्य आणि १ ते ९ सुद्धा तपासा, कारण पासवर्डची ओळ उडवली असेल तर ती रांगेत कुठेतरी उभी असेल. मग विम बंद करा आणि विमइन्फोच्या फाइलमध्ये तो शब्द एकदा शोधून बघा. तुम्ही दिलेल्या कमांडचा आणि शोधांचा इतिहासही त्याच फाइलमध्ये असतो.